घरून आलेला डबा

"बाई, तुमी कोनाच्या घरच्या?" बाबांनी हा प्रश्न मायला विचारला तेव्हा तिच्या हातात वरणाची पळी होती, आणि ती पळी ताटापर्यंत न पोचता मधेच थांबली. मी समोरच्या पाटावर बसलो होतो. बाबा हे थट्टामस्करी करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी मायची थट्टा केल्याचे एकदाही माझ्या पाहण्यात नाही. तरीही मायने ती थट्टाच समजण्याचा प्रयत्न केला. "अवो, तुमच्याच घरची! काऊन असं बोलून राह्यले?" असे ती हसत म्हणाली. बाबा हसले नाहीत. ते ताटावरून उठले, परक्या बाईसमोर राखावे तेवढे अंतर राखून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा बाई. मी डूटीवर निंगालो हाय. डूटीवर निंगालेला मानूस दुसऱ्याच्या घरी जेवत नसते." एवढे बोलून ते अंगणात जाऊन उभे राहिले. ताटातला भात वाफाळत होता. शब्द हे माझ्या उपजीविकेचे साधन आहे. परंतु त्या क्षणी मला जे झाले त्याला योग्य शब्द आजपावेतो माझ्या लेखणीला सापडलेला नाही.

आम्ही त्या वेळी बेल्लमपल्लीस खाणकामगारांच्या क्वार्टरांत राहत होतो. दोन खोल्या, मागे पत्र्याची कोळशाची खोप, पुढे एका माणसापुरते अंगण, आणि सगळ्या ओळीला मिळून एक नळ. दिवस उजाडतो, मावळतो, हे आम्हांला सूर्यापेक्षा खाणीच्या भोंग्याने अधिक कळत असे. भोंगा वाजला की घराघरांतून शेगड्यांचा धूर निघे, नळावर घागरींचा आणि बायकांचा कल्लोळ होई, आणि तेलुगू, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांतून एकाच वेळी भांडण चाले. आमचे मूळ गाव भैंशाकडचे, कापूस-ज्वारीचे. घरात मराठी, दारात तेलुगू आणि दुकानदाराशी हिंदी, अशी आमची व्यवस्था होती. मी दहावीस बसलो होतो, पास झालो नव्हतो. परंतु माझे हस्ताक्षर आणि मजकूर मांडण्याची हातोटी पाहून मंचेरियलच्या एका बुजुर्ग अर्जनवीसांनी मला हाताशी घेतले होते. तहसील कचेरीसमोर चिंचेखाली त्यांचे मेज असे. माझ्या हातचा अर्ज कारकुनाने 'नीट लिहून आणा' म्हणून परत केल्याचे त्या काळातही उदाहरण नाही, हे मी येथे नमूद करून ठेवतो. घरात मात्र या गुणाची कोणी दखल घेतली नाही. बाबा तर बोलतच नसत. भुयारातून यायचे, अंग धुवायचे, जेवायचे, खाटेवर पडायचे. त्यांच्या तोंडून मला उद्देशून निघालेली वाक्ये एका पोस्टकार्डावर मावली असती.

मग हळूहळू त्यांच्या डोक्यातील वस्तू जागच्या हलू लागल्या. चपला घालून पुन्हा चपला शोधणे, पगार झाला नसताना पगार झाला म्हणणे, सुट्टीच्या दिवशी शिफ्टला निघणे. खाणीवरच्या लोकांनी त्यांना कामावरून उतरवून घरी बसवले. आज या रोगाला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि त्याचे दाखलेही मिळतात. आमच्याकडे तेव्हा कोणी 'कमजोरी' म्हणे, कोणी 'डोक्यात धूळ गेली' म्हणे. दवाखान्यात ताकदीची बाटली दिली. हे सर्व आम्ही सोसले असते. परंतु त्या दुपारनंतर बाबांनी घरात अन्नाला हात लावणे सोडले, आणि ते सोसण्यासारखे नव्हते. त्यांच्या लेखी ते चोवीस तास ड्यूटीवर होते, आणि माय ही रस्त्यात भेटलेली कोणी दयाळू परस्त्री होती. खाणीतल्या जुन्या लोकांचा एक दंडक असे: घरून निघाल्यावर, खाली उतरून पुन्हा वर येईपर्यंत पोटात जायचे ते आपल्याच घरचे, मधे कोणाकडचा घास घेतला तर घरचे रक्षण सुटते. बाहेरचा चहा तेवढा चाले. बाबा चहा घेत, चहात बुडवून बिस्कीट घेत, आणि ताटासमोर हात जोडत.

मायने तिला येत होते तेवढे सर्व केले. साजूक तुपातला शिरा केला, दुधात कालवलेला मऊ भात केला, सणाला होई ती पुरणपोळी आडदिवशी केली. बाबा प्रत्येक वेळी तितक्याच अदबीने नाकारत. "बाई, तुमचे लय उपकार. पन नको." नवऱ्याच्या तोंडून 'उपकार' हा शब्द ऐकला की माय आत जाऊन भांडी आपटे. शेजारची राजक्का, जी पूर्वी आमच्या ओळीतले सगळे डबे टोपल्यात घालून खाणीच्या तोंडाशी पोचवत असे, ती दारात उभी राहून आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणे, "वदिना, तू लगनात आला तवा पन इतका गोड बोलला नाय तुझा मानूस." वहिनीला तेलुगूत वदिना म्हणतात. "बोलू दे तूच त्याच्याशी," माय फणकारे, "तुले तरी ओळखते." आणि हेही खरे होते. राजक्काला ते ओळखत. शेजारणीला ओळखणारा माणूस बायकोला ओळखत नाही, ही गोष्ट मायच्या मनाला किती लागली असेल, याचा अंदाज मी तेव्हा केला नाही. मी बाबांच्या गळ्याकडे पाहत होतो. महिनाभरात सदऱ्याची कॉलर मानेभोवती रिकामी फिरू लागली होती. हा माणूस असाच, हात जोडत जोडत, आमच्या डोळ्यांदेखत उपासाने मरणार, हे मला स्पष्ट दिसू लागले.

तेव्हा मी निर्णय दिला. घरात शिकलेला असा मीच होतो. मी मायला सांगितले की यांना घर पाहिजे, आणि हे क्वार्टर म्हणजे घर नव्हे. माणसाचे घर म्हणजे त्याची जन्मभूमी. गावी नेले, भाऊ दिसला, गोठा दिसला, की गाडी आपोआप रुळावर येईल. माय म्हणाली, "तुले वाटते तं नेऊ." आम्ही बस बदलत बदलत भैंशाला पोचलो आणि तेथून गावी. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वेशीपर्यंत सामोरे आले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि कचेरीतल्या साहेबाला करावा तसा कपाळाला हात लावून सलाम केला. काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "दादा, मी! वळखलं नाई का? आपून त्या आंब्यावर चढत होतो, तू पडला होता, हात मोडला होता तुहा!" बाबांनी आपला हात निरखून पाहिला, वाकडे हाड चाचपले, आणि दिलगिरीच्या स्वरात म्हणाले, "हो, मोडला असन." नंतर ओट्यावर टेकून त्यांनी काकांना विचारले, "भाऊ, इथून बेल्लमपल्लीची गाडी किती वाजता हाय? माही शिफ्ट चुकन." काकूने बाजरीची खिचडी वाढली, बाबांनी हात जोडले. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठचा भाऊ समोर उभा असता माणूस गाडीची वेळ विचारतो, हे मी पाहिले. परतीच्या बसमध्ये माय एकच वाक्य बोलली. "आता दुसरं कोनतं घर हाय रे त्याहीचं?"

परत आल्यावर त्यांनी नवीनच आरंभले. सकाळचा भोंगा झाला की ते मागच्या कोळशाच्या खोपीत जात आणि दार आतून ओढून घेत. तिला खिडकी नव्हती. पत्र्याच्या भोकांतून पडलेल्या उजेडाच्या सळया सोडल्या तर दिवसाढवळ्या मिट्ट अंधार. आम्ही पहिल्या दिवशी त्यांना ओढून बाहेर काढले, तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर मायने मला बजावले, "राहू दे. तिथं तरी ते शांत बसते."

एके सकाळी मी मंचेरियलला निघालो होतो. खांद्याला पिशवी, पिशवीत माझा डबा. आगगाडीला अवकाश होता म्हणून मी खोपीचे दार किलकिले करून आत गेलो. कोळशाच्या ढिगावर पाठ टेकून बाबा बसले होते. अंधारातून आवाज आला, "नवा हायस का?"

मी "हो," म्हणालो.

"बस. डोकं सांभाळ, छत ठेंगनं हाय, नवे पोरं डोकं आपटतेत. नाव काय तुहं?"

मी माझे नाव सांगितले. नारायण.

"अरे!" बाबांचा आवाज खुलला. असा खुललेला आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता. "माह्या पोराचं नावबी तेच हाय!"

मी कोळशावर बसलो की पडलो, ते मला सांगता येणार नाही. तोंडातून एवढेच निघाले, "काय करते तुमचा पोरगा?"

"अर्ज लिहाले शिकून राह्यला. धाईत फेल झाला, पन अक्षर असं काढते का तहसीलदारबी पाह्यत राह्यन. मी त्याचा कागद घडी करून खिशात ठेवत होतो, खाली सगळ्याहीले दाखवाले."

"त्याले सांगितलं का कधी?"

"नाई रे बाबा! आधीच फुगेल हाय तो. सांगतलं तं दारातून आत मावनार नाई." आणि ते हसले. अंधारात बाबा हसत होते, आणि ज्याच्याविषयी हसत होते तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. मग त्यांनी विचारले, "जेवला का? डबा आला का तुहा?" मी यंत्रवत पिशवीतला डबा काढून पुढे केला. त्यांनी झाकण उघडले, बोटांनी आत चाचपले. मायने मजसाठी घाईघाईने थापलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. त्यांची बोटे भाकरीवरून फिरता फिरता एका जागी थांबली.

"हे तं माह्या घरचं हाय," ते म्हणाले. "माहा डबा तुह्याजवळ कसा आला?"

"तुमच्या घरूनच आला," मी म्हणालो. खोटे नव्हते.

"मंग बरोबर. हे पाह्य, इथं हात लाव. जळेल हाय ना? आमच्या घरची भाकर एका बाजूनं जळते. नेहमी. लगनापासून. बाकीच्याहीच्या डब्यात काय काय राह्यते, चिंचेचा पुलिहोरा भात काय, डाळीचं पप्पू काय. पन अंधारात दहा डबे एकाजागी ठेवले आन् बत्ती गेली, तं बोट लावून मीच वळखतो. जळेल लागलं का समजलं, घर हाय वरतं."

आणि ते जेवू लागले. भाकरीची कड चिमटीत धरून त्यांनी आतला भाग खाल्ला आणि धरलेली कड बाजूला टाकली. कोळशाने माखलेल्या हाताने धरलेली जागा खायची नसते, ही खाणीतली रीत. त्यांचे हात आता स्वच्छ होते, मायने सकाळीच धुऊन दिले होते, तरी कड टाकली. मी भाकर खाणाऱ्या माणसाकडे असा पाहत होतो की जणू मेलेला उठून बसला आहे.

मी बाहेर आलो तेव्हा माय दाराला लागूनच उभी होती. तिने सगळे ऐकले होते. मला वाटले, ती रडत असेल. ती संतापलेली होती. "पाह्यलं? एवढी वर्सं! एका सबदानं बोलले नाईत! शेगडीवर भाकर टाकली का तिकडं नळाले पानी येत होतं. मी पळत जाऊ, पळत येऊ, तोवर जळे. मी शरमेनं जळेल बाजू खाली करून डबा भरत होती. मले वाटे, दिसत नसन. आन् हे तिथं बसून बोटानं चाचपत होते!" मग पदराने तोंड झाकून ती आत गेली. माझी आगगाडी त्या दिवशी चुकली.

आता येथे थोडे आजचे लिहितो. माझ्या मेजासमोर म्हाताऱ्यांना घेऊन मुले येतात. पेन्शनचा अर्ज, दाखल्याचा अर्ज. "याले काई आठवत नाई, साहेब," असे सांगतात आणि म्हाताऱ्याला मोठ्याने विचारतात, "गाव सांग, गाव! तुहं घर कुठं?" म्हातारा गोंधळतो. मी मुलाला थांबवतो आणि म्हाताऱ्याला हळूच विचारतो, "काम कुठं करत होते? तिथं डबा कोन आनत होतं?" जिनिंगमध्ये सरकी वेचलेल्या एका म्हातारीने या प्रश्नावर पाचही बोटे तोंडाशी नेली होती आणि कांद्याचा वास आल्यासारखी हसली होती. माणूस घराची आठवण घरात बसून काढत नाही; ज्या जागी घर नसते त्या जागी काढतो. आपण त्या जागी जाऊन भेटावे लागते. हा माझा सिद्धांत आहे आणि डॉक्टर लोकांनी त्याचा विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु सिद्धांत सापडला म्हणून गोष्ट सोपी झाली नाही. दुसऱ्या दिवशी मायने भाकर मुद्दाम जाळली, चांगली कोळसा होईस्तोवर. बाबांनी बोट लावले आणि डबा परत केला. "हा दुसऱ्या कोनाचा हाय." तिने थोडी कमी जाळून पाहिली, तोही परत. अखेर तिने जाळणेच सोडले. भोंग्याच्या वेळी शेगडी पेटवायची, भाकर टाकायची, आणि खरोखर घागर घेऊन नळावर पळायचे. परत येईतो भाकरीला जो डाग पडे तोच बाबांना चाले. डबा मायने हातात दिला तर घेत नसत, म्हणून राजक्का आपले जुने टोपले डोक्यावर घेऊन खोपीच्या दारात जाई आणि हाक मारी, "अन्ना, डबा!" बाबा जेवत. गळ्याची कॉलर पुन्हा भरली. त्यानंतर ते बरीच वर्षे जगले. मला वाटले, प्रश्न निकाली निघाला.

त्या पहिल्याच वर्षात एके दिवशी राजक्का तापाने पडली. भोंगा झाला, भाकर झाली, डबा भरला, आणि तो नेणारे कोणी नाही. मी म्हणालो, मी नेतो. "तू नवा कामगार हायस ना त्यायच्या हिसोबानं," माय म्हणाली, "नवा कामगार डबा कसा पोचवन?" तिने राजक्काच्या दारातून टोपले आणले, पदर कमरेला खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. अंगणातून खोपीपर्यंतच जायचे होते, पण ती घराला वळसा घालून, रस्त्यावरून चालत आल्यासारखी आली. मी भिंतीआड उभा राहिलो. त्यांनी हात जोडले असते तर ती पुन्हा उठली नसती.

"अवो दादा, डबा!" तिने हाक दिली. स्वतःच्या नवऱ्याला दादा!

आतून आवाज आला, "राजक्का नाई आली?"

"तिले ताप हाय. मी आली."

दार उघडले. बाबांनी डबा घेतला, झाकण काढले, बोट लावले. मान हलवली. मग डबा मांडीवर ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, तुमी आमच्या घरावरून आल्या असान. घरी बरं हाय ना सगळं?"

"बरं हाय."

"आमच्या घरची दिसली का?"

माय टोपल्याची कड धरून उभी होती. "दिसली. नळावर होती."

"लय धावते ते," बाबा म्हणाले. "तिले सांगजा, भाकर पोचली म्हना. शिफ्ट संपली का मी येतोच."

"सांगते," माय म्हणाली.

ती भिंतीआड माझ्यापर्यंत आली तेव्हा मी तिचा हात पकडला. "माय, काऊन नाई सांगितलं? ते विचारत होते तुह्याबद्दल! 'मीच ते' म्हनाचं होतं ना!"

तिने डोक्यावरचे टोपले उतरवले, चुंबळ सोडून पदर नीट केला आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे दहावी नापास मुलाकडे पाहतात.

"मीच ते म्हनून सांगितलं असतं," ती म्हणाली, "तं निरोप कोनाले पाठवला असता त्याहीनं?"